रायणीच्या झाडाचा हेवा

"ऊतरो नीचे."

मॅडम खाली उभ्या होत्या आणि मी झोक्यावर. सकाळचे साडेसहा वाजले असतील. सुरतेतली तापीकाठची ती जुनी बाग लोकांसाठी सातला उघडते, पण चालायला येणाऱ्या बड्या मंडळींना वॉचमन आधीच आत सोडतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. चार वर्षं मी त्याच बागेत झाडू मारत होते. पण त्या दिवशी आखाजी होती आणि मी विसरले.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला नाहीतर चिंचेला झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. वर्षभर कमरेत वाकलेली बाई त्या दिवशी फांदीपर्यंत वर जाते. मला माहेरी जायला रजा मिळाली नव्हती. मागितली तेव्हा ठेकेदाराचे सुपरवायझर महेशभाई म्हणाले होते, "अखात्रीज तो दर साल आवे छे." म्हणून मी आणि माझ्याबरोबर काम करणारी सुमन, आम्ही दोघी तासभर आधी आलो आणि बागेतल्या म्हाताऱ्या रायणीच्या, म्हणजे आपल्या खिरणीच्या, आडव्या फांदीवर दोर टाकला.

दोर मी घरी वळलेला. लूमवर कापड निघताना कडेची पट्टी कापून पडते, तिचा पीळ. लाल, हिरवा, शेंदरी, सगळे रंग त्यात. सालीला कातरू नये म्हणून फांदीवर आधी गोणपाट गुंडाळलं, दोन पदर, आणि मग दोर. झाडाला कसं जपायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे लहान पोरीलाही हे कळतं.

"आ शुं मांड्युं छे?" मॅडमनी विचारलं. मला नाही, वॉचमनला. "आ हेरिटेज झाड छे. आ लोकोनुं गामडुं नथी."

वॉचमन यूपीचा. रोज माझ्या डब्यातली भाकरी मागून खाणारा. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैडम, अभी काटता हूँ."

मी उतरले होते. दोर सोडायला दोन मिनिटं लागली असती, मी गाठ तशीच मारली होती. पण त्याला सोडायचा नव्हता, कापायचा होता. फांद्या छाटायचा कोयता आणून त्यानं दोर कापला. खाली पडल्यावर परत कापला. तीन तुकडे. मॅडम या बाग वाचवणाऱ्या कमिटीच्या मुख्य. त्यांनी ते तुकडे माझ्या हातात द्यायला लावले आणि मोबाइल काढला. ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता. तोवर चालायला आलेले सात-आठ जण भोवती जमले होते. पांढरे बूट, हातात पाण्याच्या बाटल्या.

"कान पकड," मॅडम म्हणाल्या.

मी छत्तीस वर्षांची बाई आहे. दोर काखेत मारला आणि दोन्ही हातांनी कान पकडले.

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहिते, कारण पकडले होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बोलल्याबरोबर हात आपोआप वर गेले. चिडले पाहिजे, नाही म्हटलं पाहिजे, असलं काही डोक्यात आलंच नाही. फोटो निघाला. मॅडम शेजारच्या गृहस्थांना म्हणाल्या, "आ लोकोने जग्या आपो एटले माथे चढे." ते हसले आणि सगळे चालायला गेले. सुमन झाडामागे उभी राहून रडत होती. मी झाडू उचलला, कारण सातला बाग उघडते आणि त्याआधी वाटा झाडून व्हायला लागतात.

तेव्हा मला फार राग आला, असं मी लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. राग नंतर आला. तेव्हा मला हेवा वाटला. मॅडमचा वाटला असता तर एक वेळ समजलं असतं. मला त्या रायणीचा वाटला.

त्या झाडाच्या बुंध्याशी पत्र्याची पाटी आहे. पाटीवर नाव, नंबर, वय. दर काही महिन्यांनी एक माणूस येतो, सालीवर हात फिरवतो, बोट लावून बघतो, वहीत लिहितो. झाडाचा डॉक्टर. मुळांवर कुणी पाय देऊ नये म्हणून भोवती कठडा केलाय. चार उन्हाळे त्या मुळांना मी पाणी घातलं. मला ताप भरला तेव्हा महेशभाई फोनवर म्हणाले होते, गोळी घे आणि ये. आणि याच झाडाला दिवाळीत कमिटीनं लाइटच्या माळा लावल्या तेव्हा चक्क खिळे ठोकले होते. माळा उतरल्या, खिळे तसेच. मी पकड घेऊन एकेक काढला. सतरा निघाले. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

पाणी घालताना मी त्या झाडाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, तुझं बरं आहे बाई. तुला कुणी ऊठ म्हणत नाही.

ती बाग कशी वाचली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बागेचा रस्त्याकडचा भाग एका सरकारी ऑफिसच्या हद्दीत आणि नदीकडचा दुसऱ्याच्या. एका ऑफिसला जिना चढून जावं लागतं, म्हणून आम्ही बाया त्याला वरचं ऑफिस म्हणतो. दुसरं रस्त्यालगत आहे, ते खालचं ऑफिस. हद्दीची रेघ बरोबर बागेच्या मधून, रायणीच्या पाच पावलं अलीकडून जायची. मी कामाला लागले तेव्हा रेघेच्या अलीकडे गवत कापलेलं असायचं आणि पलीकडे गुडघाभर. नदीकडच्या भागात कुणीतरी मंडप भाड्यानं देणाऱ्याचे बांबू टाकून ठेवले होते. विचारलं तर हे ऑफिस म्हणे त्यांना विचारा, ते म्हणे यांना.

मग मॅडमची कमिटी झाली. त्यांचे आजोबा त्या रायणीखाली बसायचे म्हणे. हे त्या प्रत्येक भाषणात सांगतात. "मारा दादा आ झाड नीचे बेसता." सांगताना त्यांचा गळा भरून येतो आणि तो खरंच भरून येतो, ते नाटक नसतं. त्यांनी दोन्ही ऑफिसच्या साहेबांना बागेतल्या जुन्या दगडी छत्रीखाली, म्हणजे खांबांवरच्या घुमटाखाली, बोलावलं आणि एका टेबलाशी बसवलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. छत्री पुसायचं काम माझ्याकडे, म्हणून मला माहीत. शेवटी करार झाला. पाणी एकानं द्यायचं, कुंपण नि दिवे दुसऱ्यानं. आणि एकट्या कुठल्याही ऑफिसनं तिथली वीतभर जागासुद्धा कुणाला द्यायची नाही.

करार झाला त्या दुपारी साहेब लोक जेवायला गेले आणि नकाशा टेबलावर राहिला. मी आणि सुमननं वाकून पाहिला. मधून एक लाल रेघ. तीच ती हद्द. आणि सगळ्या बागेला बाहेरून वेढा घालणारी एक हिरवी रेघ, लाल रेघेला न जुमानता. खाली दोन गोल शिक्के, एकमेकांना चिकटून. सुमन म्हणाली, "किती मोठी जागा आहे गं." मी पटकन टेबल पुसून घेतलं. पोटात काहीतरी जळजळलं, आणि मला वाटलं सकाळचा चहा बाधला.

आता आमचं सांगते.

आम्ही राहतो बमरोलीच्या पुढे. नवरा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये आहे. खोल्यांच्या रांगा, मधली गल्ली इतकी की समोरचीनं दार उघडलं तर आपल्याला आत व्हावं लागतं. दिवसरात्र लूमचा आवाज. तो थांबला की लेकरं दचकून उठतात. पण या सगळ्याच्या मागे एक मोकळी जागा आहे. पादर. गुजराती माणसं गावाच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या जागेला पादर म्हणतात. मिली आल्या त्याच्या कितीतरी आधीचं तिथलं गाव. तळाव आहे, अर्धा बुजलेला. दोन निंब आहेत. आणि घोड्यावरचा माणूस कोरलेले तीन दगड, शेंदूर फासलेले. गावातले एक म्हातारे काका रोज तिथं दिवा लावायला येतात. ते सांगतात, त्यांच्या पणजोबांनाही माहीत नव्हतं हे दगड कुणी बसवले. म्हणजे तेही जुनंच ना. मॅडमच्या दादांपेक्षा जुनं.

आम्ही खानदेशी बाया दर आखाजीला तिथल्या मोठ्या निंबाला झोका बांधायचो. विदर्भाच्या, मराठवाड्याच्या बायाही यायच्या, त्यांच्याकडे ही रीत नसली तरी. आमच्या गल्लीची जिजी, म्हणजे सगळ्यांत थोरली, सत्तरीची बाई, तीसुद्धा नऊवारी खोचून चढायची.

हद्दीची तीच लाल रेघ आमच्या पादरातूनही जाते. तळावाच्या मधून. तीच दोन ऑफिसं.

फरक इतकाच की इथं कुणी कुणाला टेबलाशी बसवलं नाही. आधी रेघेच्या एका बाजूला ट्रक लागायला लागले. मग दुसऱ्या बाजूला. तळावात मलब्याचा एक ट्रॅक्टर रिकामा झाला, मग रोज एक. होळीनंतर एका सकाळी उठून बघतो तर मोठ्या निंबाची आडवी फांदी नाही. ट्रकच्या टपाला लागत होती म्हणून कुणीतरी कापून खाली टाकली होती. पानं अजून हिरवी होती. जिजी त्या फांदीपाशी बराच वेळ बसून होती.

जिजी, मी आणि आणखी चौघी वरच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला म्हणाला, "ए भाग नीचेवाळामां आवे." खाली गेलो. तिथला म्हणाला, "उपर जाव." आम्ही तीनदा वर आणि तीनदा खाली केलं. जिजीचे गुडघे सुजले. चौथ्यांदा कुणी गेलं नाही.

म्हणून यंदा आखाजीला आम्हाला फांदी नव्हती. म्हणून मी कामाच्या ठिकाणी, दुसऱ्याच्या झाडाला, दोर टाकला. चूक होती का? असेल. पण ती चूक घरी फांदी असलेली बाई करणार नाही.

फोटो निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी महेशभाई कागद घेऊन आले. गुजरातीत टाइप केलेला. येत्या रविवारी बागेत कार्यक्रम होता. दुसऱ्या शहरांतून पाहुणे येणार होते, दोन ऑफिसांनी मिळून जुनी बाग कशी राखली ते बघायला. त्यात मी माइकवर माफी वाचायची. म्हणजे बाकी कामगारांनाही शिस्त लागेल, असं मॅडमचं म्हणणं.

"बे मिनिटनुं काम छे," महेशभाई म्हणाले. "वांची नाख. नहीं तो काले बीजी आवशे." नाहीतर उद्या माझ्या जागी दुसरी.

घरी कागद दाखवला. नवरा रात्रपाळीहून आलेला, हातांना केमिकलचा निळा रंग. म्हणाला, "वाची टाक ना. नोकरी ते राही." तो वाईट माणूस नाही. त्यानं आयुष्यभर असंच वाचून टाकलंय.

जिजी दारात बसली होती. तिनं विचारलं, "माफी काब्र मांगस व? तू काय झाड खाई गई?"

चार दिवस तो कागद पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला आणि येता-जाता वाचला. बसच्या पाट्या वाचून वाचून मला गुजराती वाचता येतं, हे महेशभाईंना माहीत होतं. पहिली ओळ अशी होती: हुं, आ बागनी सफाई कामदार, मारा अज्ञानने लीधे. माझ्या अज्ञानामुळे. पहिल्या दिवशी वाचलं तेव्हा लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, हे नक्की कुणाचं अज्ञान? तिसऱ्या दिवशी ते सतरा खिळे आठवले. चौथ्या दिवशी रविवार होता.

छत्रीपुढे पन्नास खुर्च्या. पुढे एक सोफा. सोफ्यावर वरच्या ऑफिसचे साहेब आणि खालच्या ऑफिसचे साहेब, मांडीला मांडी लावून. मधे एक ताटली, त्यात खमण. दोघं एकाच ताटलीतून खात होते. एकाच्या हातून मिरची पडली तर दुसऱ्यानं रुमाल पुढे केला. मी मागे हिरवं जाकीट घालून उभी होते आणि बघत होते. पोटात पुन्हा तीच जळजळ. या वेळी चहा घेतला नव्हता. मग मला कळलं की हे काय आहे. मला त्या बागेचा हेवा नव्हता, गवताचा नव्हता, त्या झाडाचासुद्धा पुरता नव्हता. मला त्या ताटलीचा हेवा होता. हे दोघं असे एका ताटलीत खाऊ शकतात, आणि आमच्या तळावापाशी आले की यांना एकमेकांचं नावही आठवत नाही.

मॅडमचं भाषण झालं. दादा झाले, गळा भरून आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझं नाव न घेता त्या म्हणाल्या, आपल्या एका कामदारबेनकडून चूक झाली होती, ती आता दोन शब्द बोलेल.

मी माइकपाशी गेले. कागद उघडला.

"हुं, आ बागनी सफाई कामदार, मारा..."

पुढचा शब्द समोर होता. तोंडातून निघाला नाही. मी कागदाची घडी घातली. माइकमुळे कागदाचा चुरचुर आवाज सगळ्यांना ऐकू गेला. महेशभाईंनी खुर्चीतून मान वर केली.

मी सोफ्याकडे वळले. "साहेब, बमरोलीनी आगळनुं पादर कोनामां आवे?"

वरचे साहेब हसले. त्यांना वाटलं मी घाबरून काहीतरी बोलतेय. "ए अमारामां नथी आवतुं, बेन."

"अमारामां पण नहीं," खालचे साहेब म्हणाले. तोंडात घास होता.

खुर्च्यांतून हसू आलं. पुढच्या रांगेत एक म्हातारे पाहुणे वहीत लिहीत होते. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "तो फिर किसका है?"

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. हळूच, दात आवळून म्हणाल्या, "आ मुद्दो आजनो नथी. तुं माफी वांच."

"नहीं पढूँगी," मी म्हणाले. हिंदीत, म्हणजे सगळ्या पाहुण्यांना कळावं. "मैंने पेड़ को बोरी बाँधी थी. कीलें आपकी कमिटी ने ठोकी थीं. सतरह. मैंने निकाली हैं."

माइक चालूच होता. मी सोफ्याकडे बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या साहेबाकडे बोट केलं. "आप दोनों यहाँ एक सोफे पर बैठते हो. हमारे यहाँ क्यों नहीं बैठते?"

महेशभाईंनी माइकची वायर ओढली. एवढंच बोलणं झालं.

यापुढे काही चमत्कार झाला असं कुणाला वाटत असेल तर सांगते, झाला नाही. कुणी उभं राहून टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या की या वर्गात शिक्षणाची फार गरज आहे, आणि पाहुण्यांनी माना डोलावल्या. वहीवाल्या म्हाताऱ्यांनी काहीतरी लिहिलं, काय ते मला माहीत नाही. चहा आला. महेशभाईंनी फाटकापाशी माझं जाकीट आणि ओळखपत्र काढून घेतलं. ज्या वॉचमननं दोर कापला होता, त्यानंच फाटक उघडून दिलं. सुमन लांबून बघत होती, तिच्या हातात तिचा झाडू आणि माझाही. तिनं हात हलवला नाही. मी तिला दोष देत नाही, तिच्या घरी ती एकटी मिळवणारी आहे. पण खरं सांगायचं तर तिचाही हेवा वाटला. तिला उद्या कामावर जायचं होतं.

बसमध्ये मी रडले. बाजूच्या बाईनं जागा सरकवून दिली. घरी आले तर नवरा झोपलेला. जिजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तठे त्या दोन्ही एकच जागावर बठतस, नी आठे काब्र नही?" मी जे साहेबांना विचारलं तेच ती मला विचारत होती, जणू मला माहीत असावं.

हेवा करू नये, असं मला लहानपणापासून सांगितलंय. माहेरी सांगितलं, कीर्तनात सांगितलं, सासूनं सांगितलं. मी ऐकलं आणि लपवत राहिले. दुसऱ्याच्या चांगल्यावर जळणारी बाई वाईट, असं मानून पोटातली आग चहावर ढकलत राहिले. आता नाही. हेव्यानंच मला तो नकाशा नीट आठवला. जळत नसते तर मी तो इतका टक लावून पाहिलाच नसता. लाल रेघ कुठून गेली, हिरवी कशी वळली, शिक्के कुठल्या कोपऱ्यात, सगळं मला तोंडपाठ होतं.

त्या आठवड्यात आम्ही पादर मोजलं.

आमच्या गल्लीतल्या बाया घरी साड्यांच्या घड्या घालायचं काम करतात. मोजमाप त्यांच्या हातात आहे. कापडाच्या अख्ख्या ताक्यावर त्याची लांबी छापलेली असते. एकीनं डाग पडलेला, परत आलेला ताका काढला. त्याचं एक टोक जिजीनं दगडांपाशी धरलं आणि आम्ही उलगडत गेलो. ओढून धरायचं नाही, कापड ताणलं की माप खोटं येतं, हे बायाच एकमेकींना ओरडून सांगत होत्या. मधे ट्रक उभा होता. ड्रायव्हरला हलव म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. आम्ही कापड त्याच्या ट्रकखालून ओढून काढलं. दिवा लावायला येणाऱ्या काकांनी हद्द कुठून जाते ते काठीनं दाखवलं. मी मोठ्या पांढऱ्या कागदावर सगळं उतरवलं. तळाव, निंब, दगड. लाल रेघ, हिरवी रेघ. काकांनी गुजरातीत अर्ज लिहून दिला. बागेसाठी या दोन ऑफिसांनी जे केलं, तेच इथं करा. एक शब्द जास्त नाही की कमी नाही.

पुढच्या सोमवारी कागद घेऊन मी आणि जिजी वरच्या ऑफिसात गेलो. या वेळी खिडकीवर नाही, सरळ साहेबांच्या खोलीत. साहेबांनी मला ओळखलं. सोफा आठवला असावा. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मला वाटलं हाकलतील. पण ते गोड बोलले.

"जो बेन," ते म्हणाले, "अमारा अर्धा भागनुं हुं करी आपुं. बे बांकडा, थोडुं घास, नानुं बोर्ड. एक महिनामां. बीजा अर्धानी वात छोडी दे."

जिजीनं माझा हात दाबला. दोन बाकं. गवत. तिच्या गुडघ्यांना बाक हवं होतं, मला माहीत आहे. आणि मलाही एक क्षण वाटलं की घ्यावं. आमच्या गल्लीला आजवर कुणी एक बाकही दिलेलं नाही. पण अर्धं कुठलं? तळावाच्या मधून रेघ जाते. पाण्याचा अर्धा भाग कुणी राखू शकत नाही. त्यांच्या अर्ध्यात गवत येईल आणि दुसऱ्या अर्ध्यात ट्रक राहतील, मलबा पडेल, आणि पाच वर्षांनी गवतावरही ट्रक येतील. बागेत मॅडमना कुणी म्हणालं होतं का, रायणीचा अर्धा बुंधा घ्या?

"अर्धं नको, साहेब," मी मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं. इतकी मराठी सुरतेत सगळ्यांना कळते.

"तो पछी?"

"खालच्या साहेबांना वर बोलवा. दोघांची सही एका कागदावर पाहिजे. एकट्याची मी घेणार नाही."

"ए एम ना थाय," ते म्हणाले. "टाइम लागे. तुं बहार बेस."

बाहेर बाकडं होतं. आम्ही तीनदा आलो तेव्हा तिथंच बसलो होतो, तासन्‌तास. साहेबांच्या टेबलासमोर दोन गादीच्या खुर्च्या होत्या, पाहुण्यांसाठी. मी एक ओढली आणि जिजीला बसवलं. दुसरी ओढली आणि मी बसले. शिपाई धावत आला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. हात मांडीवर होते, माझेच, आणि ते वर गेले नाहीत.

मी त्यांना सांगितलं, तुमच्या बागेत मला आता काम नाही. दिवस मोकळा आहे. उद्या येईन, परवा येईन, रोज येईन. माझ्यामागे गल्लीतल्या बाया पाळ्या लावून येतील. याच खुर्चीत बसेन, आणि तुम्ही दोघं शेजारी बसेपर्यंत उठणार नाही.